अंदाज सांगा भो, पण पिक्चर पाहिला का?

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. जळगावात आमच्या रूमवर आम्ही चौघी, एक मोबाइल, त्याची १८ टक्के बॅटरी आणि भिंतीला चिकटपट्टीने लावलेला एक कागद. दिल्लीत ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा सुरू होती आणि त्या कागदावर आमची इज्जत पणाला लागली होती. डावीकडे पुरस्कारांची यादी, पुढे चार कॉलम, प्रत्येकीचा अंदाज पेनाने लिहिलेला. खाडाखोड चालणार नाही असं आधीच ठरलेलं. जिचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील, तिने बाकीच्या तिघींना शेवभाजी खाऊ घालायची.

तुमच्याही रूमवर, कट्ट्यावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे होत असणारच. फिल्मफेअर असो, ऑस्कर असो की राष्ट्रीय पुरस्कार, ‘कोनाले भेटीन?’ हा प्रश्न आपल्याकडे मॅचच्या टॉसइतकाच गंभीर. निकाल लागला की दुसरा प्रश्न येतो, ‘त्याले कसं काय भेटलं भो?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसराही एक प्रश्न असतो. तो सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला त्या संध्याकाळी तो विचारला गेला आणि आमचा कागद बदलला. ते पुढे सांगते. आधी माझी फजिती ऐका.

‘वाळवी’ने मला पोखरलं

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या रकान्यात मी ठळक अक्षरात ‘वाळवी’ लिहिलं होतं. लॉजिक पक्कं होतं. हे पुरस्कार २०२३ सालचे आणि परेश मोकाशींचा ‘वाळवी’ थिएटरात आला १३ जानेवारी २०२३ला. मग झालं की!

झालं काहीच नाही, कारण ‘वाळवी’ला हा पुरस्कार आधीच्या वर्षी, म्हणजे ७०व्या पुरस्कारांत मिळूनही गेला होता. राष्ट्रीय पुरस्कारात चित्रपट कधी रिलीज झाला याला महत्त्व नसतं, सेन्सॉर प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळालं ते बघतात. ‘वाळवी’चं प्रमाणपत्र २०२२चं, म्हणून तो २०२२च्या यादीत. पत्रकारितेची पदवी घेतलेल्या मुलीने एवढंही तपासलं नाही, हे बाकी तिघींनी मला रात्रभर ऐकवलं. शेवभाजीचं बिल कोणी दिलं ते वेगळं सांगायला नको.

अमळनेरच्या मैत्रिणीने मात्र त्याच रकान्यात ‘श्यामची आई’ लिहिलं होतं आणि तोच जिंकला. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला, ब्लॅक अँड व्हाइटमधला, २०२३चा ‘श्यामची आई’. ती उड्या मारत म्हणाली, ‘आमच्या गावाचा मास्तर जिंकला!’ बरोबरच आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. शिवाय १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं तेही ‘श्यामची आई’लाच. तो आचार्य अत्र्यांचा. एकाच पुस्तकावरच्या दोन चित्रपटांना सत्तर वर्षांच्या अंतराने राष्ट्रीय पुरस्कार. खुद्द गुरुजींना यातला एकही पाहता आला नाही, ते १९५० सालीच गेले.

तिने आनंदाने घरी फोन लावला. स्पीकरवर काकू होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि साध्या आवाजात विचारलं, ‘बरं झालं गं. तुम्ही पाहिला का पन तो पिक्चर?’

चौघी गप्प.

यादीच नाही, तर अंदाज कसला?

काकूंचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. राष्ट्रीय पुरस्काराचा अंदाज इतका का चुकतो, ते आधी समजून घ्या. तुमचाही चुकला असेल, तर दोष फक्त तुमचा नाही.

फिल्मफेअर किंवा ऑस्करमध्ये नामांकनं जाहीर होतात. पाच-दहा नावं समोर असतात, त्यातून एक निवडायचं. एमसीक्यू पेपरसारखं. राष्ट्रीय पुरस्कारात अशी यादी जाहीरच होत नाही. निर्माते आपला चित्रपट स्वतः स्पर्धेत पाठवतात, आधी प्रादेशिक समित्या पाहतात, मग केंद्रीय समिती पाहते आणि एक दिवस थेट निकाल येतो. म्हणजे पर्याय न दिलेला पेपर. त्यातही कोणी अर्ज भरला होता आणि कोणी नाही, हे तुम्हाला-मला माहीत नसतं. तुमचा लाडका चित्रपट ‘डावलला’ असं स्टेटस टाकण्याआधी तो स्पर्धेत होता का, हे तरी कुठे ठाऊक असतं?

आणखी एक गंमत. इथे चित्रपट थिएटरात लागलेला असण्याचीही गरज नाही. ‘सैराट’ आठवा. २९ एप्रिल २०१६ला तो रिलीज झाला आणि पुढे काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण रिंकू राजगुरूला ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखनीय म्हणून निवडलं, ते मार्चमध्येच. म्हणजे आर्चीचा बुलेटवरचा तोरा आपण पाहायच्या आधी परीक्षकांनी पाहिला होता. तेव्हा कोणाच्या कागदावर तिचं नाव असणार होतं?

शाहरुख, सैफ आणि मेणवली

आमच्या पाचोऱ्याच्या मैत्रिणीने अभिनेत्याच्या रकान्यात शाहरुख खान लिहिलं, तेव्हा आम्ही तिघी हसलो होतो. आम्ही तिघींनी विक्रांत मॅसी लिहिलं होतं. ‘ट्वेल्थ फेल’ आम्ही पाहिला होता, त्यात स्पर्धा परीक्षावाली पोरं होती, आणि जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक अभ्यासिकेत तसा एक मनोज बसलेला असतो. निकाल आला तो दोघांच्या नावाने, विभागून. ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत, ‘जवान’साठी शाहरुख. मग अर्धा मार्क की पूर्ण, यावर दहा मिनिटं भांडण.

त्या रात्री सगळीकडे एकच वाद पेटला होता, की शाहरुखला द्यायचाच होता तर ‘स्वदेस’ला का नाही दिला? हा वाद नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘स्वदेस’ २००४चा. त्यातलं गाव म्हणून आपण जे पाहतो, त्याचं बरंच शूटिंग आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या मेणवलीत झालं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला सैफ अली खान, ‘हम तुम’साठी. त्याच वर्षी फिल्मफेअरने शाहरुखला ‘स्वदेस’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं आणि सैफला त्याच ‘हम तुम’साठी विनोदी भूमिकेचा पुरस्कार दिला. दोन्हीकडे तेच दोन अभिनेते आणि तेच दोन चित्रपट, निकाल मात्र उलटे.

आणि आता कळस. २०२५ साली ज्या परीक्षक मंडळाने शाहरुखला त्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला, त्याचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर. ‘स्वदेस’चे दिग्दर्शक! स्वतःच्या ‘स्वदेस’मधल्या नायकाला हा पुरस्कार मिळाला नाही, हे त्यांनी २० वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आता त्यांच्याच मंडळाने त्याला तो ‘जवान’साठी दिला. मंडळाच्या खोलीत काय चर्चा झाली ते आपल्याला माहीत नाही, त्यामुळे ‘जुनी उधारी फेडली’ वगैरे कथा रचू नका. पण यातून एक गोष्ट नक्की कळते. पुरस्कार म्हणजे त्या वर्षी, त्या खोलीत बसलेल्या माणसांचं मत. माणसं बदलली की मत बदलतं. तो सृष्टीचा नियम नाही आणि दहावीचा निकालही नाही.

शिरपूरच्या घरातली बातमीदार

‘आपल्या भागातलं कोणाले भेटते कधी?’ असं तुम्ही म्हणत असाल, तर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडे बघा. स्मिता पाटीलचं घराणं तिथलं. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणातलं मोठं नाव. स्मिताचा जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५चा. सिनेमात येण्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. तेव्हा कोणी कागद लावून बसलं असतं, तर बातम्या वाचणाऱ्या मुलीचं नाव सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या रकान्यात लिहिलं असतं का?

‘भूमिका’ आला १९७७च्या नोव्हेंबरमध्ये. त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘भूमिका’ आला तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती. पुढे ‘चक्र’साठी पुन्हा मिळाला. १९८५ला पद्मश्री आणि १३ डिसेंबर १९८६ला सगळं संपलं.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते तिला न मिळालेल्या पुरस्काराने. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ तुम्ही पाहिलाय? नसेल तर या रविवारी पाहा. घर सोडून महिलाश्रमाची नोकरी धरणारी सुलभा स्मिताने अशी केलीय, की चाळीस वर्षांनंतरही ती तुमच्या ओळखीची वाटते. ‘उंबरठा’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीचा पुरस्कार मात्र गेला रेखाला, ‘उमराव जान’साठी. आता सांगा, अन्याय झाला का? आमच्या रूमवर दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली. आणि ही पहिलीच चर्चा होती, जिच्यात चौघींनी दोन्ही चित्रपट पाहिलेले होते. आवाज चढले, पण ‘फालतू’ हा शब्द एकदाही आला नाही. कोणी शेवटच्या प्रसंगाबद्दल बोललं, कोणी डोळ्यांबद्दल. भांडणाची क्वालिटीच वेगळी होती.

थाळनेरची नात आणि नसलेला रकाना

अजून एक गोष्ट, शिरपूर तालुक्यातलीच. तापीकाठचं थाळनेर हे लता मंगेशकरांच्या आईचं माहेर. म्हणजे लतादीदी खान्देशची नात. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ला सुरू झाले, पण गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं. त्या सोहळ्यात त्याच चित्रपटातलं गाणं गायला लतादीदींनी नकार दिला. संगीतकाराला पुरस्कार आहे, मग गाणाऱ्याला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे १९५९पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मिळाला लतादीदींनाच, ‘मधुमती’साठी. काही वर्षांनी, नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून, आता माझा विचार करू नका असंही त्यांनीच सांगितलं.

आपण कागदावर रकाने आखून अंदाज करतो. कोणता रकाना आखायचा राहून गेला, हे त्यांनी विचारलं.

खान्देशाला हा प्रश्न आजही लागू आहे. आपली अहिराणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पण म्हणून राष्ट्रीय पुरस्काराचं दार बंद आहे असं समजू नका. अनुसूचीबाहेरच्या भाषांमधल्या चित्रपटांसाठीही पुरस्काराची तरतूद आहे. त्याहून मोठं उदाहरण ५९व्या पुरस्कारांचं. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून आपल्या ‘देऊळ’चं नाव आलं, तेव्हा आपण नाचलो. पण तो पुरस्कार विभागून होता, हे किती जणांना आठवतं? दुसरा चित्रपट होता ‘ब्यारी’, कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या समाजाच्या ब्यारी भाषेतला. त्या भाषेतला तो पहिलाच चित्रपट. पहिल्याच फटक्यात सुवर्णकमळ!

खान्देशी कॉमेडी व्हिडिओ आपण बसमध्ये, लग्नात, दुकानात सगळीकडे पाहतो. आपल्या बोलीला प्रेक्षक आहे, हे सिद्ध करायची गरज नाही. हसण्यापलीकडचं, दोन तासांचं, जीव लावून केलेलं अहिराणी काम कोण करणार, हा खरा प्रश्न आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी करेल का? त्यावर मात्र मी अंदाज लावत नाही.

ऑस्करचं गणित सोपं, तरी फसवं

आमची धुळ्याच्या देवपूरची मैत्रीण ऑस्करची पक्की खेळाडू. सोमवारी पहाटे उठून सोहळा लाइव्ह बघणारी. तिचं म्हणणं, ऑस्करचा अंदाज अभ्यासाने बांधता येतो. कारण त्याआधी निर्मात्यांच्या, दिग्दर्शकांच्या, कलाकारांच्या संघटना आपापले पुरस्कार देतात आणि त्यातले बरेच सभासद ऑस्करलाही मत देतात. म्हणजे प्रीलिमचे मार्क बघून फायनलचा अंदाज. ‘नाटू नाटू’ला २०२३च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब मिळाला आणि मार्चमध्ये ऑस्कर. एक गोष्ट अनेकांना तेव्हाही माहीत नव्हती. ‘आरआरआर’ ही भारताची अधिकृत प्रवेशिका नव्हतीच, ती होती गुजराती ‘छेल्लो शो’.

पण प्रीलिमही फसवते. २०२० साली निर्माता संघटना आणि दिग्दर्शक संघटना, दोघांनीही ‘१९१७’ला कौल दिला होता. सगळे अंदाज तिकडे झुकले. कलाकारांच्या संघटनेने मात्र ‘पॅरासाइट’च्या संपूर्ण कलाकार संचाला पुरस्कार दिला होता आणि शेवटी ऑस्कर नेलं ‘पॅरासाइट’नेच. इंग्रजीत नसलेला, सर्वोत्कृष्ट ठरलेला पहिला चित्रपट. या पुरस्कारासाठी मतदार चित्रपटांना पसंतीक्रम देतात. त्यामुळे नुसते कट्टर चाहते असून भागत नाही, बाकीच्यांनीही तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर लिहावं लागतं. ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्यांना हे समजवावं लागणार नाही.

आणि आता काकूंचा प्रश्न. एप्रिल २०२५मध्ये ऑस्कर अकादमीने नवा नियम जाहीर केला. अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल, तर त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत. म्हणजे इतकी वर्षं तिथेही न पाहता मत देता येत होतं! अमळनेरच्या स्वयंपाकघरातून आलेला प्रश्न आणि हॉलिवूडच्या अकादमीचा नियम एकच निघाला. पाहिला का?

पाचवा कॉलम

खरं सांगते. त्या संध्याकाळी काकूंचा फोन यायच्या आधी मी स्टेटस टाकलं होतं, ‘श्यामची आई, वेल डिझर्व्ह्ड!’ सोबत तीन हार्ट. पाहिला नव्हता. ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडेंना पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, त्यालाही टाळ्यांचा इमोजी. पाहिला नव्हता. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातल्या त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप या पोरांना बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. तोही पाहिला नव्हता.

यात आपली चूक पूर्ण नाही, हे मान्य. आपल्याकडे असे मराठी चित्रपट लागतात कधी आणि उतरतात कधी, ते कळत नाही. एखाद-दुसरा शो, तोही कॉलेजच्या वेळेत. पण तेवढ्यावर सगळं ढकलता येत नाही. तिकीट काढणारे आपण नसलो, तर पुढच्या वेळी तो शोही मिळणार नाही. आणि मोबाइलवर आल्यानंतर न पाहण्याला तर काहीच कारण नाही. रील्सला दोन तास सापडतातच की.

आम्ही भिंतीवरचा कागद काढला नाही. त्याला पाचवा कॉलम जोडला, ‘पाहिला का?’ मग रात्री जेवणानंतर एकेक पाहायला घेतला. ‘आत्मपॅम्फ्लेट’ पाहताना पोट धरून हसलो आणि मग जात या विषयावर रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो. चौघी दोन वर्षं एका रूमवर राहतोय, पण हा विषय आमच्यात पहिल्यांदा निघाला. ‘श्यामची आई’ अमळनेरला जाऊन काकूंसोबत पाहिला. शेवटाला काकू उठून पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी माझं जुनं स्टेटस आठवलं. तीन हार्ट तेव्हाही होते, पण ते उधारीचे होते.

अंदाज लावणं सोडू नका. त्यात मजा आहे, आणि आपलं मत निकालाच्या आधी लिहून ठेवायला हिंमतही लागते. निकालानंतर ‘मला माहीतच होतं’ म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. फक्त कागदावर एक कॉलम वाढवा.

तुमचा कागद असा करा

१. अंदाज पेनाने लिहा, तारीख टाका. निकालानंतर खाडाखोड नाही.

२. ‘कोणाला मिळेल’ आणि ‘कोणाला मिळायला हवा’ हे दोन वेगळे रकाने करा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

३. राष्ट्रीय पुरस्कार असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष तपासा. माझी ‘वाळवी’ लक्षात ठेवा.

४. ‘डावललं’ म्हणण्याआधी, जिंकलेला चित्रपट पाहा.

५. शेवटचा रकाना ‘पाहिला का?’ तिथे ‘हो’ नसेल, तर मार्क अर्धे.

६. हरणाऱ्याने शेवभाजी द्यायची. हा नियम मात्र बदलू नका. पुढच्या वर्षी मी जिंकणार आहे.